पांढऱ्या ताटाचा दगा आणि दोमितिल्लाबाईंची गव्हावरील मोहीम

श्री सान जेमिन्यानो, मोदेना शहराचे राखणदार, समर्थ असोत.

रक्त खोटे बोलत नाही. राजे गेले, राज्ये बुडाली, परंतु वैद्यशास्त्राचे हे वचन ढळले नाही, म्हणोन थोर थोर लोक दंड पुढे करून सुई टोचून घेतात आणि कागद हाती आला की माथी लावितात. तथापि रक्तास पुसावे तेवढेच ते सांगते, आणि पुसण्यापूर्वी धनी काय जेवला यावर त्याची जबानी फिरते, हे मोदेनाच्या एका घरात ज्या रीतीने उघडकीस आले, तो मजकूर येणेप्रमाणे.

मोदेना शहरी दोमितिल्लाबाई गारूती या मोटार शिकविण्याच्या शाळेत गुरूच्या हुद्द्यावर होत्या. बाई शूर, आवाज करडा, पायाखाली ब्रेक जादा, त्यामुळे शहरातील निम्मे वाहनचालक त्यांचे नावाने आजही आरशात बघतात. ऐसे असता गत शरदात बाईंचे पोट नगाऱ्यासारखे फुगू लागले आणि अंगातील लोह उतरले आणि ग्लानी अशी जबर आली की एके दिवशी शिकाऊ उमेदवार गाडी घेऊन गोल चौकात शिरला, आणि कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे याचा हुकूम मागता जाहला, तो हुकूम येईना. बाई शेजारच्या आसनावर निद्रिस्त होत्या. उमेदवार आज्ञाधारक, हुकुमाविना बाहेर कसे पडावे, म्हणोन चौकास प्रदक्षिणा घालीत राहिला, आणि चौथ्या बाजूच्या कॉफीवाल्याने हात हलवून हलवून त्यास ओळख दिली तेव्हा कोठे बाई जाग्या जाहल्या.

मग घरी मसलत बसली. मसलतीस बाईंचे यजमान लेआर्को, न्हाणीघराच्या फरशा विकणारे, स्वभाव गरीब. आणि यजमानांच्या मातोश्री एर्सिलियाबाई, मुक्काम तळमजला, अंमल सर्व मजल्यांवर. मातोश्रींनी सुनेकडे एकवार पाहिले आणि निदान केले.

"हवा लागलीय तुला. गाडीची काच उघडी ठेवतेस ना, तिथनं शिरली ती पोटात."

"आई, काच बंद असते."

"मग बंद काचेतनं लागलीय. ती तर जास्त वाईट."

त्या मुलखात निम्मे रोग हवेने होतात आणि उरलेले ओल्या केसांनी, ऐसा समज आहे. तेव्हा बाईंचे कमरेस लोकरी पट्टा आवळला गेला. आणि दुसरे फर्मान सुटले की सूनबाईंनी आजपासून पांढरे जेवावे. पोट बिघडले म्हणजे पांढरे जेवणे हा तिकडील जुना शिरस्ता: उकडलेला भात, त्यावर तेलाची धार, कडेस बटाटा, फार लाड जाहले तर उकडलेली कोंबडी. काही लोक पांढऱ्यात लोण्यातला पास्ताही धरतात, परंतु एर्सिलियाबाईंच्या मते पास्ता हा निरोग्याचा हक्क, आजाऱ्याने त्याचा वास घ्यावा इतकेच. पाव बंद, बिस्किट बंद, रविवारची लासान्या, म्हणजे गव्हाच्या पातळ पोळ्यांचे थर रचून भाजलेले पक्वान्न, नजरेआड. ऐसा हिवाळा गेला. पोटाची बंडाळी निवली, परंतु ग्लानी हटेना, आणि शिकाऊ उमेदवार आता बाईंस जागे ठेवण्यास गाणी म्हणू लागले.

मग लेआर्कोंनी धीर करून बाईंस डॉक्टर ओर्नेल्ला बाल्बोनी यांचे दरबारी रुजू केले. डॉक्टरीणबाई हुशार, घाईच्या आणि दारात रुग्णांची रीघ. त्यांनी डोळ्याची पापणी ओढली, हकीकत ऐकली, आणि संशय धरिला की हा सीलिअॅक नावाचा गनीम असावा, जो गव्हातील ग्लुटेनचे आडून आतड्यात शिरतो आणि आतील मखमल कुरतडून टाकितो, मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. सबब रक्ताची चाचणी फर्मावली आणि दारापर्यंत पोहोचविताना ताकीद दिली.

"रक्त देईपर्यंत नेहमीसारखंच खा हं, सिन्योरा. काही म्हणजे काही बदलू नका."

'नेहमीसारखं' या एका शब्दाने मोहीम बुडविली. बाईंनी घरी येऊन हुकूम सासूबाईंस कळविला, आणि सासूबाईंनी त्याचा अर्थ लाविला की नेहमीसारखे म्हणजे पांढरे, कारण आता हिवाळाभर तेच नेहमीचे. आणि हुकुमाचे असे काटेकोर पालन जाहले की शेजारणीने आणलेले बदामाचे बिस्किट जिन्यातूनच माघारी धाडिले.

चाचणीचा कागद आला: सीलिअॅकचा मागमूस नाही.

घरात हवा-पक्षाची सरशी जाहली. एर्सिलियाबाईंनी लोकरी पट्ट्यावर दुसरा पट्टा चढविला. मोटार शाळेच्या मालकांनी मोठ्या मायेने सुचविले की बाईंनी काही काळ रजा घ्यावी, मनावर ताण असेल, त्यांच्या मेहुणीलाही असाच होता, ती हल्ली मातीची भांडी करते. दोमितिल्लाबाई ऐकून घेत आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडत, आणि बाहेर येऊन म्हणत की नळ गळतो, आणि लेआर्को, फरशीचे जाणकार, रोज नळ तपासून पाहत. सर्वांत वाईट हे की बाईंस आता स्वतःचाच भरवसा वाटेना. कागद म्हणतो काही नाही, तर मग हे जे होते ते आपणच करितो की काय, हा किडा डोक्यात शिरला आणि निघेना.

त्याउपरि मार्चमध्ये लेआर्कोंच्या भाच्याचा बाप्तिस्मा आला. कागदाप्रमाणे बाई निरोगी, म्हणोन मातोश्रींनी स्वहस्ते ताटात लासान्या वाढिली, वर पुन्हा वाढिली, आणि बाईंनी हिवाळ्याचा उपास सोडिला. तिसरे प्रहरी पोटात तोफा सुरू जाहल्या. बाई बाळाच्या पाळण्याशेजारी आडव्या पडल्या आणि बाळ व बाई एका सुरात ओरडू लागली, आणि पाद्रीबुवांनी दोघांवरही पाणी शिंपडिले.

मग बाई पट्ट्यांसह डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"मला काही झालेलं नाही म्हणता, तर लासान्याला काय झालंय ते तरी सांगा."

"रक्त दिलंत तेव्हा नेहमीसारखं खात होतात ना?"

"अगदी. भात."

"भात?"

"पांढरं हो. हिवाळाभर."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेविला.

"आणि पाव? पास्ता? कॉफीत बुडवायला बिस्किट तरी?"

"आई शिवू देतील तर ना!"

"अरे देवा. चूक माझी. 'नेहमीसारखं' काय म्हणाले मी! गहू खाताय का, एवढंच विचारायला हवं होतं."

मग त्यांनी उलगडा केला तो असा. गहू पोटात आला म्हणजे सीलिअॅकवाल्याच्या देहात शिपाई उठतात, त्यांस प्रतिपिंडे म्हणतात, आणि ते गव्हाच्या रागाने आपल्याच आतड्यावर चालून जातात. रक्ताची चाचणी म्हणजे त्या शिपायांची शिरगणती. परंतु कित्येक महिने गहू आलाच नाही, तर शिपाई हळूहळू घरोघर जाऊन निजतात, आणि गणतीस गेलेला कारकून रिकामे मैदान पाहून लिहितो की या मुलखी शांतता आहे. कारकून खोटा नव्हे, मैदान खोटे. तेव्हा हुकूम जाहला की बाईंनी दीड महिना रोज गहू खावा, चुकवू नये, मग पुन्हा रक्त द्यावे. आणि या खेपेस त्या जातीच्या शिपायांची एकूण फौजही मोजावी, कारण कित्येकांच्या देही ती जातच मुळात तुटपुंजी असते, मग युद्ध पेटले तरी गणतीत कोणी सापडत नाही.

ऐसी ही मोहीम, की शत्रूस पराभूत करण्यासाठी त्यास रोज घरी जेवावयास बोलवावे. एर्सिलियाबाईंनी हुकूम ऐकिला आणि हिवाळाभर कोंडलेले लाटणे बाहेर काढिले. त्यांचे डोळ्यांत पाणी आले, कारण पास्त्याचे माहेर जो एमिलिया प्रांत, तेथील बाईने सुनेस भात उकडून घालणे म्हणजे काय यातना, हे तेथीलच लोक जाणोत. मग सकाळी बिस्किटे, दुपारी रश्शातल्या सारणभरल्या तोर्तेल्लीनी, सायंकाळी तळलेली न्योक्को, सर्व गव्हाचे, ऐसा मारा सुरू जाहला. बाईंचे पोट फुगले, लोकरी पट्टे एकामागोमाग तुटले, ग्लानी दुणावली, शाळेत रजा पडली, आणि बाई कोचावर पाय पोटाशी घेऊन पडून राहत आणि जेवणाची वेळ जाहली की उठून निमूट जेवीत. लेआर्को शेजारी बसून धीर देत.

"अजून एक घास, दोमी. शिपायांसाठी."

"शिपायांना म्हणावं, खड्ड्यात जा."

"तेवढं रक्त देऊन झाल्यावर."

मोहीम निम्म्यावर आली तेव्हा घात जाहला. एके संध्याकाळी ताटात तालियातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, आल्या त्या बोटभर लांबीच्या, तुटक, आणि बाई जेवून कोचावर पडल्या आणि वाट पाहू लागल्या, परंतु तोफ धडाडेना. बाईंनी पोटावर हात ठेविला, पोट गप्प. दुसरे दिवशीही गप्प. मोटार शिकविणारास गाडीचा आवाज बदललेला लगेच कळतो. बाई उठल्या आणि तळमजला गाठला.

"आई, दोन दिवस पोट दुखलं नाही माझं."

"देव पावला! मी मेणबत्ती लावली होती."

"आई. पीठ कसलं होतं?"

"पीठ म्हणजे... पिठासारखं पीठ."

"आई!"

"मक्याचं!" एर्सिलियाबाईंनी लाटणे आपटले. "नाही बघवत मला. मीच लाटायचं, मीच वाढायचं, आणि तू तिथं मुटकुळं करून कण्हायचं. सासू आहे गं मी, कसाई नाही. असले कसले ते डॉक्टर, माणसाला आजारी पाडून आजार शोधतात!"

दोमितिल्लाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"परत 'काही नाही' असं आलं ना, आई, तर मी खोटी ठरेन. तुमच्यापुढे, मालकांपुढे, माझ्या स्वतःपुढे. मला खोटी नाही व्हायचं. मला आजारी व्हायचंय."

मातोश्रींनी मक्याचे पीठ डब्यात भरिले, गव्हाचे पीठ पाटावर ओतले, त्यात अंडी फोडिली, आणि पाठमोऱ्या म्हणाल्या, "किती खाणार?"

"खूप."

दगाफटक्यात गेलेले दिवस डॉक्टरीणबाईंनी मोहिमेस जोडून दिले. मग रक्त दिले गेले, आणि कागद आला, आणि त्यावर शिपायांची संख्या मर्यादेच्या पलीकडे इतकी गेलेली की बाल्बोनीबाईंनी स्वतः फोन करून सांगितले की असा सुंदर वाईट आकडा त्यांनी या वर्षी पाहिला नव्हता. तथापि शास्त्राचा बंदोबस्त पुरा व्हावा म्हणोन हुकूम जाहला की गहू तूर्त सोडू नये, कारण आता इस्पितळात नळी आत उतरेल आणि आतड्याच्या निरनिराळ्या जागांचे बारीक तुकडे घेईल. गनीम सर्वत्र सारखा कुरतडीत नाही, एकाच ठिकाणी पाहिले तर फसगत होते. बाईंनी नळी गिळिली आणि घरी येऊन कर्तव्य म्हणोन तोर्तेल्लीनी खाल्ल्या.

जूनमध्ये अखेरचा कागद आला. लेआर्कोंनी तो दारातच फोडिला, आणि "सीलिअॅक!" ऐसी आरोळी ठोकिली, आणि मोटार शाळेच्या गाडीत बसून भोंगा वाजवीत इमारतीस फेऱ्या घातल्या. एर्सिलियाबाईंनी लाम्ब्रूस्को या फेसाळ मद्याची बाटली उडविली, बूच शेजारच्या सज्जात पडले. दोमितिल्लाबाई जिन्यात नाचत होत्या. तिसऱ्या मजल्यावरील सिन्योरा इओले खाली वाकल्या.

"काय गं, लॉटरी लागली का?"

"मला आजार आहे! पक्का! कागदावर लिहून दिलाय!"

"अभिनंदन, अभिनंदन!" सिन्योरा इओले म्हणाल्या, आणि मग थोडा वेळ कठड्याशीच विचार करीत उभ्या राहिल्या.

येणेप्रमाणे मोदेना शहरी सौ. दोमितिल्लाबाई गारूती यांनी आपल्या रक्ताकडून खरी जबानी घेतली, गनिमाचे नाव, ठाव आणि उपद्रव तिन्ही दफ्तरी दाखल जाहले, मालकांनी मायेचा सल्ला परत घेतला, मातोश्रींनी हवेवरील आरोप तूर्तास मागे घेतला, आणि फत्तेची मेजवानी सायंकाळी अंगणात जाहली.

मेजवानीस लासान्या होती. दोमितिल्लाबाईंनी चेरी खाल्ल्या.