गोदूआत्याच्या नळातली हवा

माझे आप्पाकाका भिंतीला कान लावून शिव्या देत. म्हणजे भिंतीवरच्या लोखंडी नळाला; आणि खरं तर नळालाही नव्हे, त्याच्या आत अडकलेल्या हवेला. "बसलीस का चढून? भाडं भरलं का कधी? निघ, जल्दी निघ." जालन्याच्या आमच्या गल्लीतून जाणारे लोक दारापाशी थबकत. आत नवरा-बायकोचं वाजलंय असं त्यांना वाटे. काकांनी तर लग्नच केलं नव्हतं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की तुमच्या घरातला रेडिएटर खाली गरम आणि वर गार राहतो. वरच्या कोपऱ्यातली चावी हळूच सैल करा, खाली वाटी धरा, फुसफुस थांबून पाणी आलं की घट्ट करा. हे मी निजामाच्या राज्यात शिकले, आणि तेव्हा असलं यंत्र अख्ख्या जालन्यात दुसऱ्या कोणाच्या घरी मी पाहिलं नव्हतं.

काका कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. तिथली वाफ त्यांच्या डोक्यात गेली होती असं माझे वडील म्हणत. चहा गार आला की ते कपावर चिडत, माणसावर नाही. भोंगा उशिरा वाजला तर भोंग्यावर. कोणी रडत आलं किंवा भांडत आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी हवा काढू. मंग बोलू." शेजारणीचं तान्हं बाळ खांद्यावर थोपटतानाही हेच. मी हैदराबादेहून कॉलेजच्या सुट्टीत आले की मला विचारत, "नुसती हवाच भरून राह्यले का तुमचे मास्तर, का थोडं पाणी बी हाय?"

घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस, त्यांची धाकटी बहीण, आमची गोदूआत्या. लहान वयात विधवा झालेली. भोकरदनच्या सासरी तिनं वर्षानुवर्षं बर्फासारख्या पाण्यात भांडी घासली आणि तिची बोटं कामातून गेली. थंडीत ती मिटून जात. एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं उघडावी लागत. काका तिला घरी घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, खोली उबदार ठेवा. शेगडी ठेवली तर धुरानं तिला खोकला येई. मग काकांनी अंगणात भट्टीवर तांब्याची टाकी बसवली, तिच्यातून नळ काढून आत्याच्या खोलीच्या भिंतींवरून फिरवला आणि परत टाकीत आणून सोडला. वर माळवदावर पाण्याचं पिंप. संध्याकाळी कारखान्यातून आले की भट्टी पेटवत, आणि रात्रभर खोली ऊब धरून राही.

मग आत्याच्या धाकट्या दिराचा निरोप आला. वहिनींना परत पाठवा, इथं चुलीपाशी निजतील.

"चुलीपाशी निजंल म्हणजे चुलीपुढं राबंल," काका म्हणाले. "सून बाळंतीण हाय त्यांची. म्हणून वैनी आठवली."

माझ्या वडिलांनी आणि इतर वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं की संक्रांतीनंतर दीर येऊन खोली बघतील. गरम असली तर गोदू इथं, नसली तर भोकरदनला. आत्याला कोणी काही विचारलं नाही. हे लिहितानासुद्धा मला राग येतो.

आणि नेमका तेव्हाच नळ दगा देऊ लागला. अंगणाकडचा भाग चटका देई आणि आत्याच्या उशाकडचा गारठून राही. काका उंच कोपऱ्यातली चावी सैल करत, हवा फुसफुसत निघे, नळ तापे. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हवा. "कुठून येऊन राह्यली ही?" त्यांनी सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले. सांधे उकलून फटी बुजवायला नवा ताग आणि सफेदा भरला. मग गाळाचा संशय आला, म्हणून नळावर पान्यानं ठोकत फिरले. भरीव आवाज आला तिथं उकललं, चुन्याच्या पापुद्र्यांनी पाटी भरली. तरी दुसऱ्या दिवशी हवा होतीच. काकांचं जेवण सुटलं. शिव्या मात्र वाढल्या.

दीर यायच्या दिवशी काका नेहमीसारखे पहाटे कामावर गेले. कापसाचा हंगाम, सुट्टी नव्हती. सुट्टीत मी काकांकडेच मुक्कामाला होते. उठून पाहते तो आत्या खोलीतल्या खालच्या तोटीपाशी बसलेली. दोन्ही मनगटांनी तोटी फिरवून तिनं नळातलं सगळं पाणी मोरीत सोडलं होतं.

"आत्या, हे काय करतेस?"

"रातचं पाणी हाय ते, शिळं," ती शांतपणे म्हणाली. "सकाळी हंडे-कळशा रिकाम्या करतो न आपण? देवाची खोली शेजारी, अन् नळात शिळं पाणी ठेवायचं का? महिना झाला, रोज सोडून देते. आता पाणक्या येईल, वर पिंप भरंल, की झालं ताजं."

पिंप भरलं की पाणी नळात उतरे, आणि रिकाम्या नळातली हवा उंच कोपऱ्यात जाऊन बसे. रोज.

मी तशीच कारखान्यात गेले. भर हंगामात बाईमाणूस फाटकातून आत आलेलं पाहून मुकादम ओरडला. त्याच्याकडे न बघता काकांना सगळं सांगितलं. काकांचा चेहरा लाल झाला. बॉयलर जोडीदाराच्या हवाली करून ते घरी आले, भट्टी पेटवली, हवा काढली.

दुपारी दीर आले. "काय म्हणतो तुमचा कारखाना?" असं हसत त्यांनी नळावर पंजा टेकवला आणि झटकन मागं घेतला.

"निजता का इथं एक रात, पाव्हणे?" काकांनी विचारलं. "न्हाई? मंग वैनीला तरी राहू द्या."

चहा न घेताच ते गेले.

आता आत्यावर स्फोट होणार म्हणून मी दाराशी थांबून राहिले. काकांनी तिच्या अंगावरची घोंगडी नीट केली आणि बाहेर आले. मी म्हटलं, "काका, तिला समजावून सांगा ना. तुमचा रोजचा त्रास वाचेल. ती लगेच ऐकेल."

"लगेच ऐकंल. बिलकुल ऐकंल," ते भट्टीत लाकूड सारत म्हणाले. "सासरी गेल्ती तवापासून समद्यांचं ऐकूनच राह्यली ती. हे खाऊ नको, तिथं बसू नको, समोर येऊ नको. तिच्या मनानं करते असं एकच काम हाय तिला या घरात. तेवढं बी मी बंद करू?"

काका उठले आणि पाणक्याच्या घराकडं निघाले, रोज नळभर पाणी जाणार, तर उद्यापासून पिंप जरा जास्त भरत जा म्हणून सांगायला.