एक दाबा

टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात खांबकाकांना खुर्ची मिळाली, तेव्हा घरी सगळ्यांना आनंद झाला. उभी हयात त्यांनी खांबावर चढून तारा जोडल्या होत्या. मग कंपनीने तारा काढल्या, खांब उपटले आणि उरलेल्या काकांचं काय करायचं ते न सुचून त्यांच्या कानाला हेडफोन लावला. काम सोपं होतं. ग्राहकांना फोन करायचा आणि फोनवरून फसवणाऱ्या भामट्यांपासून सावध करायचं. आता पडायची भीती गेली, असं काकूंना वाटलं. पण माणूस खुर्चीवरूनही पडतो, आणि तिथे कमरेला दोर नसतो.

इशारा कागदावर छापून दिलेला होता. त्यातला शब्द बदलायचा नाही, कारण सगळं रेकॉर्ड होतं. त्यात शेवटी दोन वाक्यं होती: "अनोळखी व्यक्तीने फोनवर कोणतेही बटण दाबण्यास सांगितल्यास दाबू नये. हा इशारा आपल्याला समजला असल्यास कृपया एक दाबावा."

एक दाबला, तरच तो फोन मोजणीत धरला जाई. काकांच्या नावापुढे आठवडाभर भोपळाच होता. आज सकाळी देखरेखीच्या मॅडम, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, आज एकाला तरी दाबायला लावा. नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं वरून आलंय."

"मॅडम, ते शेवटचं वाक्य काढलं तर?"

"मग त्यांना समजलं, हे आपल्याला कसं समजणार?"

"बरं, त्याच्या आधीचं काढू?"

"काका, तोच तर इशारा आहे."

मॅडमचंही खोटं नव्हतं. त्यांनाही वरून विचारणारं कुणीतरी होतं.

काकांनी फोन लावायला सुरुवात केली. कुणी 'आदरणीय ग्राहक' ऐकूनच ठेवला. एकाने काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग ठेवला. दुपारी मात्र एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सगळा इशारा शांतपणे ऐकला, एक परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. काकांचा जीव भांड्यात पडला.

"फार मुद्देसूद सांगितलंत. सगळं समजलं," बाई म्हणाल्या.

"मग एक दाबता ना, बाई?"

"मुळीच नाही."

"पण समजलं म्हणालात."

"समजलं म्हणूनच दाबत नाही. परीक्षा घेताय होय माझी?" बाईंनी हसत फोन ठेवला. इतकं कुणाला समजावता आलं याचा काकांना अभिमान वाटला, आणि लगेच रडू आलं.

आता एकच नंबर हक्काचा उरला होता. काकांनी घरी फोन लावला.

"आदरणीय ग्राहक, नमस्कार," ते कागदाबरहुकूम म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"अगं, मीच. फक्त ऐक, आणि शेवटी एक दाब."

"आवाज तर हुबेहूब काढलाय. पण माझ्या नवऱ्याने मला जन्मात आदरणीय म्हटलेलं नाही."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"घाई करतात, रडतात, आवाजाची नक्कल करतात. सकाळीच बजावून गेलेत ते मला."

"ते मीच बजावलं!"

"असंही म्हणतील, हेसुद्धा सांगितलंय त्यांनी."

काका घामाघूम झाले. "काहीतरी खूण विचार. काहीही विचार."

"आजचा चहा कसा झाला होता?"

बायकोकडे काम होतं आणि बोलणं रेकॉर्ड होत होतं. काका गडबडीत म्हणाले, "फारच छान."

"मेल्या भामट्या," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी काकांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली: संशयित नंबर. मागून मॅडम आल्या. त्यांना काकांकडे बघवत नव्हतं.

"कुणीतरी तुमच्या नंबराची तक्रार केलीय, काका. तक्रारीच्या लाइनवर यंत्र असतं. ते म्हणालं एक दाबा, आणि ग्राहकाने लगेच दाबला. वरचे खूश आहेत. उद्यापासून इशाराही यंत्रच देणार."

"आणि तुम्ही काय करणार?"

"महिनाअखेरपर्यंत यंत्रावर देखरेख," मॅडम म्हणाल्या. "पुढचं अजून वरून आलेलं नाही."

वरच्यांचा सुंठीवाचून खोकला गेला होता. काकांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. रस्त्यात जिथे जिथे पूर्वी खांब होता, तिथे सवयीने वर बघत ते घरी आले.

काकू दारातच उभ्या होत्या. चेहरा उजळलेला होता.

"अहो, दुपारी एक भामटा तुमच्याच आवाजात बोलत होता. पण तुम्ही सांगितलेलं सगळं लक्षात ठेवलं मी. तेवढ्यावर सोडला नाही, कंपनीत तक्रार केली. एक दाबून पक्की केली."

काका उंबऱ्यातच बसले. नोकरी गेली हे त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"तिथे बरा दाबलास गं एक. तेही अनोळखीच होतं की."

"ते यंत्र होतं," काकू त्यांच्या हातात पाण्याचा पेला देत समजुतीने म्हणाल्या. "ते कशाला खोटं बोलेल? त्याला थोडीच नोकरी टिकवायची असते?"