कंधारच्या जावयाचे अकरा दोष

लाल कंधारी जनावराबद्दल मला कोणी काही शिकवू नये! मी कंधारचा जावई आहे. एकदोन नव्हे, सदतीस वर्षं! एवढ्या वर्षांत ज्याला सासरच्या बैलाची पारख आली नाही, तो सासरी नुसता जेवायला जात असणार.

मी नुसता जेवायलाच जात होतो. पण ते पुढं येईल.

नांदेड-लातूरकडच्या आम्हा काही मंडळींचं एक 'प्राणिप्रतिकृती संग्राहक मंडळ' आहे. आमच्या घरचे त्याला 'खेळण्यांचा नाद' म्हणतात. आम्ही खेळत नाही. बाजारात वाघ, गेंडा, म्हैस अशी नवी प्रतिकृती आली की ती अस्सल जनावराशी किती जुळते, हे आम्ही तपासतो. मला हा नाद लागला तो निवृत्तीच्या दिवशी. ऑफिसनं निरोपसमारंभात लाकडी हत्ती दिला. साहेब माझ्यावर बोलत होते आणि मी हत्तीची नखं मोजत होतो. मागच्या पायाला एक नख जास्त! आभाराच्या भाषणात मी तेवढंच सांगितलं.

मंडळात सदस्य सात, त्यांतले चालू तीन. एक मी. दुसरे लातूरचे बापूसाहेब, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या खिशात पेनाऐवजी व्हर्निअर कॅलिपर असतो आणि ते प्रत्येक प्राण्याला शंभरपैकी मार्क देतात. लातूरचा माणूस, मार्क दिल्याशिवाय त्याला जेवण जात नाही! तिसरी डॉक्टर मृण्मयी. तिचा नांदेडात दातांचा दवाखाना आहे. ती कुठल्याही प्राण्याचं आधी तोंड बघते. एक आयात केलेला सिंह तिनं 'दाढा माणसाच्या आहेत' म्हणून परत पाठवला होता.

तर यंदा पुण्याच्या एका कंपनीनं देशी गोवंशाच्या प्रतिकृती काढल्या. त्यात लातूरकडची देवणी गाय होती आणि आमचा लाल कंधारी वळूही होता! मासिक बैठक माझ्या घरी होती. डबा उघडला. तळहातावर मावेल एवढा, गडद लाल, रुबाबदार.

"डब्यावर वळू लिहिलंय," बापूसाहेब म्हणाले. "वळू आहे की बैल, हे आधी तपासा."

तिघांनी मिळून त्याला उलटा केला. मी भिंग लावलं. तेवढ्यात आमच्या उमाबाई चहा घेऊन आल्या.

"या वयात काय बघून राहिलात हो?"

"शहानिशा!"

वळूच होता. कंपनीनं त्या बाबतीत कुठलीही कसूर केली नव्हती.

बापूसाहेबांनी अर्धा तास मोजमाप केलं, वहीत आकडे मांडले आणि निकाल दिला. "देवणी एकोणनव्वद. लाल कंधारी अठ्ठ्याण्णव."

मला हे झोंबलं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही गावं एकमेकांकडं डोळे वटारून बसलेली असताना आमच्या बैलाला लातूरनं पास करायचं?

"मला मान्य नाही," मी म्हणालो.

"का?"

"आधी मान्य नाही. का ते शोधून सांगतो."

ही पद्धत मी नोकरीतच शिकलो. आधी फाइल नामंजूर करायची, मग कारण.

कारणं शोधायला मी स्वयंपाकघरात गेलो. तिथं भिंतीवर पशुखाद्याचं एक जुनं कॅलेंडर आहे. महिने केव्हाच फाटून गेले, पण वरचं बैलाचं चित्र मी ठेवलेलं आहे. आठ वर्षं रोज सकाळी चहा पिताना मी त्या बैलाकडं बघतो. लाल आहे, धिप्पाड आहे. लाल कंधारी म्हणजे हाच, हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आता ते चित्र आणि ही प्रतिकृती समोरासमोर धरली, तर फरकच फरक! वशिंड डावीकडं कललेलं. उजव्या कानाला खाच. एक शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. मागचा डावा पाय किंचित उचललेला, जणू गरम फरशीवर उभा आहे. अकरा दोष निघाले. अकरावा मी असा लिहिला : 'चेहऱ्यावर रुबाब नाही. तहसीलमधून उद्या या म्हणून परत पाठवल्यासारखा भाव आहे.' आणि शेवटी जाड अक्षरांत : 'हा लाल कंधारी नव्हे. कोणीही घेऊ नये!'

फोटोही मन लावून काढला. उमाबाईंच्या कोथिंबिरीच्या कुंडीत वळू उभा केला, मी जमिनीवर पालथा पडलो आणि खालून टिपला. काय फोटो आला! कोथिंबिरीचं हिरवंगार कुरण आणि त्यात डौलात उभा बैल. फोटो आणि परीक्षण मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. कंपनीलाही पाठवलं. सोबत कॅलेंडरचा फोटो जोडला : 'खरा लाल कंधारी असा असतो.'

बापूसाहेबांचं उत्तर आलं : "अठ्ठ्याण्णव कायम."

प्रकरण इथंच संपायचं. पण मृण्मयीनं दाढ काढायला आलेल्या एका माणसाला करमणूक म्हणून माझं परीक्षण दाखवलं. तो निघाला कंधारकडचा पशुपालक! त्याचं तोंड बधिर केलेलं असल्यामुळं तो काही बोलला नाही. डोळे मोठे केले आणि खुणेनं फोटो आणि परीक्षण दोन्ही मागून घेतलं. तिला वाटलं, माणूस खूश झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या जीपनं माझा मेहुणा सटवाजी दारात! हातात मोबाइल, चेहरा नवाबाला लाजवील असा लाल. नवाब म्हणजे त्याचा वळू.

"पाणी घे," उमाबाई म्हणाल्या.

"पानी न्हाई घेत, अक्का. आधी दाजीला इचार, म्या ह्यांचं काय वाकडं केलंय?"

मोबाइल पुढं आला. माझा फोटो. माझे अकरा दोष. वर कोणीतरी लिहिलेलं : 'सटवाजीचा नवाब. जाणकारांनी नापास केला.'

"साऱ्या तालुक्यात फिरून राहिलाय ह्यो! नऊशे मानसं हाईत त्या ग्रुपात. रविवारी कंधारला परदर्शन हाय. दोन साल झालं, लेकरावानी खाऊ घातलं त्याला. गेल्या साली दुसरा आला, औंदा पहिला येनार व्हता. आन् काल कमिटीचा दयानंद म्हणतो, मामा, औंदा बैल नका आनू, लोक हसतील!"

मी मोठ्यानं हसलो. एकटाच.

"अरे सटवाजी, हा नवाब नाहीच! हे खेळणं आहे!" मी कपाटातून वळू काढून त्याच्या हातावर ठेवला.

सटवाजीनं तो फिरवून बघितला. कान बघितला, शिंगं बघितली, पाय बघितला. मग डोळे पुसले.

"ह्यो तर नवाबच हाय!"

"काय?"

"ही खाच बगा. वासरू असताना कुत्र्यानं कान धरला व्हता. शिंग गव्हाणीला धडकून खाली झालं. आन् पाय त्यो असाच उचलतो, माशी बसली की! दिवाळीला पुन्याचे दोघं आले व्हते. चार दिस कॅमेरे घेऊन नवाबाभोवती फिरून राहिले व्हते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! कंधारला, आमच्याच घरी, जेवताना. तुम्ही ठेचा मागून राहिला व्हता."

उमाबाईंनी माझ्याकडं बघितलं. बैलानं माशीकडं बघावं तसं.

म्हणजे माझे अकरा दोष हे अकरा अचूकपणे होते! प्रतिकृती इतकी हुबेहूब होती, की कोथिंबिरीत उभी असूनही अख्ख्या तालुक्यानं बैल नावानिशी ओळखला. ओळखला नव्हता तो फक्त घरच्या जावयानं. बापूसाहेबांना कळलं तर?

मी डोकं चालवलं. चूक कबूल न करता नवाबाला सोडवायचं. लगेच सटवाजीच्या मोबाइलवरून खुलासा पाठवला : 'सदर दोष एका प्लॅस्टिकच्या खेळण्यातील असून सटवाजींच्या वळूशी त्यांचा काहीही संबंध नाही.' सरकारी भाषा. कोणाला काही कळू नये म्हणूनच ती तयार झालेली आहे.

अर्ध्या तासात सटवाजीच्या बायकोचा, साखराबाईचा फोन आला. ती एवढ्या मोठ्यानं बोलत होती, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"अहो, गोठ्यात मानसं शिरलीत! फुटपट्ट्या घेऊन! एक जन कागदावरचं वाचतोय आन् दुसरा बैलाला हात लावून हाव, हाव म्हनतोय!"

पाठोपाठ ग्रुपवर संदेश : 'खुलासा खोटा. आम्ही समक्ष तपासले. अकराच्या अकरा दोष बैलात आहेत.' सोबत नवाबाचे अकरा फोटो, क्रमांक घालून!

सटवाजी मटकन खाली बसला. उमाबाई मात्र उभ्याच राहिल्या.

"रविवारी कंधारला चलायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, मला बैलातलं काही कळत नाही."

"इतकं उघड?"

"मग काय, सूचक?"

रविवारी मैदानावर ही गर्दी! मी गुपचूप जाऊन, गुपचूप बोलून, गुपचूप परतणार होतो. पण बापूसाहेब लातूरहून सकाळच्या एसटीनं हजर. मृण्मयीही आली, तिच्या दवाखान्यातूनच आग लागली होती म्हणून. आणि मग नवाब समोर दिसल्यावर दोघांना राहवेना. मृण्मयीनं सरळ त्याचा ओठ वर केला.

"वरचे पुढचे दात नाहीत! एकदम बरोबर!"

"कोन ही बाई?" गर्दीतून आवाज आला. "बैलाची कवळी बनवून राहिली का?"

बापूसाहेबांनी आधी बैलाचं शिंग मोजलं, मग प्रतिकृतीचं, ते डब्यावरच्या प्रमाणानुसार अठरानं गुणलं आणि ओरडले, "एका मिलिमीटरचा फरक! मी चुकलो! अठ्ठ्याण्णव नव्हे, नव्व्याण्णव!"

परीक्षक होत्या जनावरांच्या डॉक्टर महामायाबाई. गर्दीत कुजबुज वाढली तशा त्या म्हणाल्या, "ते अकरा दोष कोणी काढले? पुढं या."

दयानंदनं माइक माझ्या हातात दिला. शेजारी सटवाजी दावं धरून उभा. नवाबाकडं फळवायला आणलेल्या गाई सहा जणांनी परत नेल्या होत्या, दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती, आणि त्याच्या बैलाची अब्रू माझ्या एका वाक्यावर होती. वाक्य पाठ होतं. पण समोर बापूसाहेब! माझ्या तोंडून निघालं, "मी कंधारचा जावई असून, माझ्या अभ्यासानुसार..."

"कशावरून अभ्यास केला, काका?"

तीच वेळ यावी म्हणून मी कॅलेंडर गुंडाळून काखेत आणलं होतं. उलगडून दाखवलं. म्हटलं, निदान नवाब आणि हा, दोघंही बरोबर ठरतील.

महामायाबाईंनी चित्र बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"काका, ही लाल सिंधी आहे. सिंध प्रांताकडची."

"पण लाल आहे ना?"

"टमाटाही लाल असतो."

अख्खं मैदान हसलं. नवाबानं मागचा डावा पाय उचलला, पण ती बहुतेक माशी असावी. त्या गडबडीत मी माइकमध्ये म्हणालो, "मला बैलातलं काही कळत नाही!"

टाळ्या! तीस वर्षांच्या नोकरीत, निवृत्तीच्या समारंभात, कुठंच मला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

महामायाबाईंनी सांगून टाकलं, "कानाची खाच, शिंगाचा मार, उचललेला पाय हे जातीचे दोष नव्हेत. वळूचं वशिंड कलतंच. रंग बघा, कपाळ बघा, डोळ्याभोवतीचं काळं बघा." आणि नवाब पहिला आला! परत गेलेल्या सहा गाईंचे मालक दाव्याजवळ रांग लावून उभे राहिले. सटवाजीनं स्वतःच्या हातानं मला तांब्या दिला.

"पानी घ्या, दाजी. घसा कोरडा पडला आसंल."

मला वाटलं, मिटलं. मंडळानं माझं परीक्षण मागं घेतलं, बापूसाहेबांनी वहीत नव्व्याण्णव केले, उमाबाईंनी कॅलेंडर मोलकरणीला भाजी निवडायला दिलं.

दहा महिन्यांनी पुण्याहून पार्सल आलं. सटवाजी नेमका पेढे घेऊन आलेला होता, नवाबाच्या पहिल्या वासराचे. सोबत कंपनीचं पत्र : 'आपण दाखवलेले अकराही दोष सुधारित आवृत्तीत दूर केले आहेत. आपण पाठवलेला कॅलेंडरचा फोटो अत्यंत उपयोगी पडला.' डब्यावर खाली, बारीक पण स्पष्ट अक्षरांत, 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून माझं नाव! खरं सांगतो, क्षणभर छाती फुगली.

सटवाजीनं वळू हातात घेतला. कान शाबूत, शिंगं सारखी, वशिंड सरळ, चारही पाय जमिनीवर. त्यानं तो बराच वेळ फिरवून बघितला.

"दाजी, ह्यो कोनाचा बैल हाय?"

मी पेढा तोंडात टाकला. ठेचा असता तर तोही मागितला असता.

एक डबा कंपनीनं लातूरलाही पाठवला होता. संध्याकाळी ग्रुपवर बापूसाहेबांचा निकाल आला. मंडळाच्या इतिहासात आजवर कुठल्याच प्राण्याला पैकीच्या पैकी मार्क पडले नव्हते. माझ्या मार्गदर्शनाखाली ते पडले.

'लाल सिंधी म्हणून : शंभरपैकी शंभर.'