माणसं मोजणारं सफरचंद

सफरचंद एकट्या माणसासाठी शिजत नाही, ही गोष्ट लग्न होईपर्यंत शाल्मलीला माहीत नव्हती. माहीत व्हायचं कारणही नव्हतं. कराडला माहेरचं घर भरलेलं. आई शिरा करो की खीर, सफरचंद पातेल्यात पडलं की निमूट शिजायचं. त्यामुळं संगमनेरच्या नव्या फ्लॅटमध्ये, घट नुकतेच बसलेले असताना, तिनं दोन सफरचंदं किसून तुपावर घातली आणि हात दुखेपर्यंत परतली, तेव्हा तिला आधी वाटलं की गॅसच संपलाय. गॅस संपला नव्हता. तूप जळून काळं झालं, वेलदोड्याची पूड करपली, धूर जिन्यात गेला. कीस मात्र जसाच्या तसा पांढरा, आणि बोट लावलं तर फ्रीजमधून काढल्यासारखा गार.

"अगं, सफरचंद आहे ना ते," धूर बघून आलेल्या समोरच्या विजूकाकू म्हणाल्या. "एकटीसाठी नाही शिजत. आईनं सांगितलं नाही तुझ्या?"

"नाही."

"खोक्यावर लिहिलेलं असतं बघ."

शाल्मलीनं खोकं उलटंपालटं केलं. 'ही बाजू वर' आणि 'उन्हात ठेवू नये' यांच्या मधे खरंच छापलेलं होतं: 'शिजवण्यासाठी किमान दोन माणसे आवश्यक.'

"मग काय कच्चंच खायचं?"

"कच्चं खा की. कच्च्याला अट नाही. नाहीतर पेरू आण. पेरू बिचारा कुणासाठीही शिजतो."

"काकू, तुम्हीच बसा ना. दोन होतील."

"मला साखर आहे बाई, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. आणि न खाणाऱ्याला ते धरत नाही." काकूंनी कढईत डोकावून पाहिलं आणि चुकचुकल्या. ते तुपासाठी होतं.

खोकं हिमाचलातून आलं होतं. शाल्मलीचा नवरा कौस्तुभ तिकडं एका बोगद्याच्या कामावर इंजिनिअर होता. लग्नाची रजा संपली तसा तो परत गेला. क्वार्टर मिळालं की तिला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. तोवर फ्लॅट नवा. कुणीतरी राहायला हवं. पाण्याची वेळ सांभाळायला, मीटर बघायला येणाऱ्याला दार उघडायला, कुरिअर घ्यायला. शाल्मली ही कामं चोख करत होती. आजवर कुरिअर एकच आलं होतं, ते या सफरचंदांचं. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती, पण फळं एकेक कागदात गुंडाळलेली होती, आणि तो कागद कौस्तुभनं स्वतः गुंडाळला असेल की दुकानदारानं, यावर तिनं एक अख्खी दुपार घालवली होती.

खोक्यावर तक्रारीसाठी नंबर होता. तिनं फोन लावला.

"फळ विभाग. बोला."

"सफरचंद शिजत नाहीये."

"घरात माणसं किती?"

"एक."

"मग बरोबर आहे. तक्रार कशाची?"

शाल्मली विचारात पडली. "तक्रार अशी नाही," ती म्हणाली. "नुसतं कळवलं."

"कळलं," पलीकडचा माणूस म्हणाला. मग जरा थांबून, "दुसरं माणूस यायचंय का?"

"दिवाळीत."

"मग दिवाळीत शिजेल. गार जागी ठेवा."

तरी तिनं काही प्रयत्न करून पाहिले. दोन ताटं मांडली. सफरचंद फसलं नाही. देवाला नैवेद्य म्हणून वाटी काढून ठेवली. पण देव सगळ्यांचाच असल्यामुळं त्याला एका घरात धरता येत नसावं. एकदा व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. कौस्तुभ डोक्यावर हेल्मेट घालून बोगद्याच्या तोंडाशी उभा होता.

"काय चाललंय?"

"शिरा करतेय."

"अरे वा! माझ्यासाठी ठेव हं," तो म्हणाला, आणि हसता हसता थिजला. नेटवर्क गेलं होतं. कढईतला कीस गारच होता.

मग ती पेरूवर आली. पेरूची भाजी, पेरूची कोशिंबीर, कधी नुसता फोडणीचा भात. जेवायची ओट्याच्या कोपऱ्याशी उभी राहून, कढईतूनच. एकटीसाठी ताट कशाला घ्यायचं, परत घासावं लागतं. जेवण होता होता ओटाही पुसून व्हायचा. सफरचंदांचं खोकं तिनं पलंगाखाली सरकवलं, तिथली फरशी गार होती. रोज संध्याकाळी ती फळं काढून त्यांची कूस बदलायची. खोलीत मंद गोडसर वास भरून राहायचा, बाहेरून आल्यावर घरात कुणी बसलंय असं वाटावं तसा.

आणि तिनं मनाशी एक ठरवून टाकलं. तो आला की पहिल्या सकाळी शिरा, मग सफरचंदाचं सारण भरून पोळ्या, पाडव्याला खीर. सफरचंद शिजलं की या घरात दोन माणसं राहतात हे एकदाचं पक्कं होईल. मंगळसूत्र, दारावरची पाटी, रेशनकार्डावर नव्यानं चढलेलं नाव यांच्यावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. पण त्यांना कुणी आचेवर ठेवून पाहिलेलं नव्हतं.

कौस्तुभ आला. येताना तिच्यासाठी लोकरी शाल आणि स्वतःसाठी खोकला घेऊन आला. सकाळी अंघोळ करून टेबलाशी येऊन बसला. शाल्मलीनं कढई ठेवली, तूप सोडलं, कीस घातला, दालचिनीचा तुकडा टाकला.

"तू पण ये ना," तो म्हणाला.

"तुम्ही बसा. गरम गरम वाढते. मी बसते मागून."

तूप तडतडलं. मग शांत झालं. शाल्मलीनं परतलं, आणखी परतलं. कीस पांढराच. तिनं हळूच बोट लावलं. गार नव्हता, पण गरमही नव्हता. कोमट होता. तिनं गॅस मोठा केला. कोमटच.

"झालं का?" कौस्तुभनं विचारलं. तो मोबाइलवर साइटवरचा कुठलातरी फोटो मोठा करून बघत होता.

शाल्मली परतत राहिली. मनात हिशेब एकच निघत होता. ती तर रोज इथंच असते. म्हणजे नसलेला तो आहे.

शेवटी तिला अट सांगावी लागली. तिनं ती खाली बघून सांगितली. कौस्तुभ हसला, मग त्यानं कढईत बोट घालून पाहिलं आणि हसायचा थांबला.

"पण मी आलोय ना? हे बघ, दारात बूट आहेत माझे."

"आहेत ना."

"मोबाइलमुळं असेल." त्यानं मोबाइल कपाटात साड्यांखाली ठेवला, येऊन ताठ बसला आणि कढईकडं बघत राहिला. "आता?"

"कोमट."

"अगं, दोन दिवस प्रवास करून आलोय मी. एक रात्र तर एसटीत उभा होतो!"

"मी काही म्हटलं का?"

"तू नाही, ते म्हणतंय!"

बाहेर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली, ती अर्ध्यातच विझली. कौस्तुभनं चकली खाल्ली. शाल्मलीनं खोकं पलटून नंबर शोधला.

फळ विभागाचे गुंजाळ तासाभरात स्कूटरवरून आले. पोटाशी कातडी बॅग धरलेली, कपाळाला उटण्याचा कण राहिलेला.

"दिवाळीतही येता तुम्ही?" कौस्तुभनं पाणी देत विचारलं.

"दिवाळीतच तक्रारी जास्त साहेब. माणसं घरी येतात ना." त्यांनी पाणी संपवलं, स्वयंपाकघरात गेले आणि हाताची मागची बाजू किसाला लावली, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. "कोमट आहे."

"हो."

"म्हणजे एक धरलाय. एक धरलेला नाही."

कौस्तुभनं मान खाली घातली. "मी साइटचा विचार करत होतो," तो म्हणाला. "पण थोडाच."

"विचाराशी संबंध नाही. विचार धरायला लागलं तर कुणाकडंच शिजणार नाही." गुंजाळ शाल्मलीकडं वळले. "ताई, तुम्ही एकट्या असताना कसं असायचं?"

"गार."

"कोमट नाही?"

"नाही. फ्रीजमधल्यासारखं."

गुंजाळांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. शाल्मलीला उत्तर त्यांच्या आधी कळलं होतं, पण तिनं त्यांना बोलू दिलं.

"गार म्हणजे शून्य," ते म्हणाले. "साहेब नव्हते तेव्हा या घरात कुणीच नव्हतं."

"मी होते."

"तुम्ही राहत होता. पण ते राहणारी माणसं धरत नाही, खाणारी धरतं. बसून. तुम्ही जेवता कुठं?"

"इथंच."

"इथं म्हणजे?"

शाल्मलीनं ओट्याच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथली फरशी जरा जास्तच चकचकीत होती.

"ताट?"

"एकटीसाठी कशाला ताट? कढईतलंच."

"बरं. आणि आज?"

"आज मागून बसणार होते."

"मागूनला धरत नाही," गुंजाळ म्हणाले. त्यात ठपका नव्हता. पावसाळ्यात रस्ता बंद असतो हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "साहेब धरलेत. पूर्ण धरलेत. तुम्हीच नाही."

कौस्तुभनं सुटकेचा श्वास सोडला, आणि सोडल्या सोडल्या त्याला त्याची लाज वाटली. शाल्मलीला ते दोन्ही दिसलं. तिला स्वतःला काय वाटलं ते तिला नीट कळेना. इतके दिवस तिनं ज्याची वाट पाहिली होती तो आलेला होता, अगदी पूर्ण. दारात बूट होते. अडचण तिच्या बाजूची निघाली होती.

"मग मी बसले तर परतायचं कुणी?" तिनं विचारलं.

"मला ड्यूटीवर हात लावता येत नाही," गुंजाळ म्हणाले.

टेबल ओढून ओट्याला लावावं, हे कौस्तुभला सुचलं. शेगडी उचलून नवराबायकोनं टेबलावर ठेवली; गॅसची नळी ताणून जेमतेम पोचली. दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोन ताटं, मधे कढई. शाल्मली बसली. तिला खुर्ची उंच वाटली. घरात टेबल आल्यापासून ती या खुर्चीवर फक्त डबे काढायला चढली होती.

कढईतून चर्र असा आवाज आला.

किसाच्या कडा पिवळ्या झाल्या, मग सोनेरी. दालचिनीचा वास उठला आणि जिन्यापर्यंत गेला. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, पण काकू आल्या नाहीत. बहुतेक नुसत्या उभ्या राहिल्या असाव्यात. शाल्मली पाणी आणायला उठली, तसा चर्र आवाज थांबला. ती घाईनं बसली. आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं मीठ राहिलं म्हणून ती अर्धी उठली.

"बस!" कौस्तुभ आणि गुंजाळ एकदमच म्हणाले.

मीठ कौस्तुभनं आणलं. तो उठला तेव्हाही आवाज थांबला, त्यामुळं तिला जरा बरं वाटलं.

शिरा झाला. दोघांनी एकाच वेळी घास घेतला. कौस्तुभ म्हणाला, "बोगद्यात आम्हाला रोज राजमा देतात," आणि दुसरा घास घेतला. त्याला हेच स्तुती म्हणून म्हणायचं होतं, हे तिला कळलं. गुंजाळांनी ड्यूटीचं कारण सांगून खायला नकार दिला आणि डबा दिला तो मात्र घेतला.

"तुमच्याकडं किती माणसं?" शाल्मलीनं दारात विचारलं.

"सात. आमच्याकडं कधी प्रश्न आला नाही," ते म्हणाले. जिना उतरता उतरता ते मधेच थांबले, डब्याकडं बघितलं आणि मग उतरून गेले.

शाल्मलीला कराडचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारचा शिरा, पाटांची ओळ, वाढणारी आई. तिथं सफरचंद नेहमी शिजायचं. त्यात आई धरली जात होती की नाही, हे कुणी कधी तपासलं नव्हतं.

पुढच्या सगळ्या सकाळी टेबल ओट्याला लागलेलंच राहिलं. सारणाच्या पोळ्या बसूनच लाटल्या गेल्या आणि वाकड्या झाल्या. पाडव्याला खीर ऊतू गेली, तरी कुणी उठलं नाही. नंतर कौस्तुभची रजा संपली. "क्वार्टरचं बघतो," तो म्हणाला, आणि जिन्यातून परत वर येऊन पुन्हा म्हणाला, "बघतो खरंच." दारातले बूट गेले.

खोक्यात तळाशी काही सफरचंदं उरली होती. दोन दिवस शाल्मलीनं पेरू खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिनं एक सफरचंद किसलं, पाणी आधीच भरून घेतलं, मीठ, चमचा, ताट जवळ ठेवलं आणि टेबलाशी बसली. कढईखाली आच लावली. शिजणार नाही हे तिला ठाऊक होतं. तसं खोक्यावर लिहिलेलं होतं.

फोन वाजला. कौस्तुभ होता. मागं बोगद्याची घरघर ऐकू येत होती.

"काय चाललंय?"

"जेवतेय."

"काय केलंस?"

"सफरचंद."

तो हळूच म्हणाला, "शिजलं?"

शाल्मलीनं हाताची मागची बाजू किसाला लावून पाहिली. जरा वेळ तशीच ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "पण कोमट झालंय."

नेटवर्क गेलं. तिनं कीस ताटात वाढून घेतला, वर थोडी साखर घातली, आणि सावकाश खाल्ला. नळाला पाणी यायला अजून वेळ होता. तोवर उठायचं काही कारण नव्हतं.