कप्तानाचे भुंकणे कमी करणेबाबत

आमच्या गावात नवी ग्रामपंचायत आली, त्या वर्षी गावापुढे एकच गंभीर प्रश्न होता. यशोदाकाकींचा कुत्रा दुपारी भुंकत असे. माशाची कढी आणि भात पोटात गेला की आडवे व्हायचे आणि चहाला उठायचे, ही आमची रीत इंग्रजालासुद्धा मोडता आली नव्हती. ती या कुत्र्याने मोडली. त्याचे नाव कप्तान. काकींचे यजमान गलबतावर होते, ते समुद्रात गेले ते परतलेच नाहीत. मुलगा मुंबईला गिरणीत. तेव्हा घर, माड, विहीर आणि काकी, सगळ्यांना राखायला एवढा एक कप्तानच होता.

सरपंच दाजी हे काकींचे शेजारी. दोघांच्या आवारांमध्ये गडगा होता, नुसता धोंड्यावर धोंडा रचलेला. तक्रार दाजींनीच मांडली. "लोकांका झोप नाय, तर गावचो विकास कसो होतलो?"

मुद्दा बिनतोड होता. तत्काळ भुंकणे-निवारण समिती स्थापन झाली आणि मी, गंगाराम, काकींचा दुसऱ्या बाजूचा शेजारी, तिचा चिटणीस झालो.

समितीने स्वतःची झोप मोडून प्रत्यक्ष पाहणी केली. असे आढळून आले की, सदर कुत्रा टपालवाल्यावर भुंकत नाही, मासे विकणाऱ्या मथुरेवर भुंकत नाही, माडावरच्या माकडांवरही नाही. तो केवळ सरपंचांवर भुंकतो, आणि तेही सरपंचांच्या हातात गडग्याचा धोंडा असेल तरच. यावरून सदर कुत्र्यास लोकनियुक्त प्रतिनिधींविषयी आदर नाही, असा निष्कर्ष समितीने एकमताने काढला.

काकी सभेत उभ्या राहिल्या. "कुत्र्याक गप करूक सगळे इलास. तो कित्याक भुकता, तां कोणच इचारणा नाय! गडगो माझ्या बावीकडे सरकता रे. उद्या मी पाणी खंयसून भरू?"

"बाई, आजचा विषय भुंकण्याचा आहे," ग्रामसेवक नम्रपणे म्हणाले. "गडगा विषयपत्रिकेवर नाही."

मग तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आणवले. त्यांनी कप्तानाला लांबून पाहिले आणि दाजींकडची सोलकढी जवळून पाहिली. मग म्हणाले, "मारून, बांधून काही होत नाही. कुत्रा भीतीपोटी भुंकतो. ज्याच्यावर भुंकतो, त्यानेच त्याला रोज प्रेमाने खाऊ घालावे."

सल्ला शास्त्रशुद्ध होता. दाजींनी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. एका हातात धोंडा, दुसऱ्या हातात भाजलेला बांगडा. सुरुवातीला कप्तान बांगडा खाऊन भुंकला. मग खाता खाता नुसता गुरगुरला. पाऊस लागायच्या आत तो दाजींच्या हातात धोंडा दिसला की शेपूट हलवू लागला, आणि धोंडा मोठा असला तर जरा जास्तच. गाव घोरू लागले. दाजींचा नारळ देऊन सत्कार झाला. नारळ काकींच्या माडाचा होता.

श्रावणात काकींची विहीर गडग्यापलीकडे गेली. त्या माझ्याकडे पाणी मागायला आल्या, तेव्हा मी झोपलो होतो. गणपतीपर्यंत त्यांचे अंगणही गेले. दिवाळीनंतर मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. बंदरावर बोट येईपर्यंत काकी कप्तानाला हाका मारत होत्या. कप्तान दाजींच्या पडवीत बांगडा खात होता. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. घरी येऊन मी आडवा झालो.

पुढे एका दुपारी मला आपोआप जाग आली. पाहतो तर माझा हापूस गडग्याच्या पलीकडे!

"दाजी, ह्यो आंबो माझो! माझ्या बापाशीन लावललो!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. घराघरांतून डोळे चोळत माणसे बाहेर आली. गडग्याकडे कोणी पाहिले नाही, सगळे माझ्याकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी समिती माझ्या ओट्यावर हजर झाली. डॉक्टरही होते.

"गंगाराम, हल्ली तुझो आवाज वाढललो आसा," दाजी मायेने म्हणाले, आणि केळीच्या पानावरचा बांगडा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

बांगडा ताजा होता, हे नमूद केले पाहिजे. आता गावात दुपारी अगदी शांतता असते. तुमच्याकडेही असेलच. तुम्हाला काय खाऊ घालतात?