कुत्रा ओळखणार नाही

पाटी रंगवून घ्यायला आलेल्या प्रत्येक दुकानदाराला गजाभाऊ पेंटर आधी मूर्खासारखं बोलायला लावत. "शहाणपण नंतर. आधी दहा गाढवं सोडा," असं म्हणून ते ब्रश बाजूला ठेवत आणि बोटं मोजायला बसत.

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मी पनवेलात मोटार स्टँडजवळ शिलाईचं दुकान टाकलं, तेव्हा माझ्यावरही हा प्रसंग आला. मला साधी पाटी हवी होती. वर नाव, खाली 'उत्तम शिलाई'. गजाभाऊ म्हणाले, उत्तम शिलाई पोत्यालाही असते.

मग मी लाजत लाजत सुरुवात केली. आमच्या सदऱ्याची बटणं आपोआप लागतात. आमची विजार घातली की माणूस वीतभर उंच होतो. गजाभाऊ गंभीरपणे एकेक बोट मिटत होते. दहाव्या गाढवापर्यंत मी पार थकलो आणि म्हटलं, आमचे कपडे घातले तर घरचं कुत्रंसुद्धा ओळखणार नाही. त्यांनी मला उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाटी तयार होती : 'नवे कपडे घालून घरी जाताना आधी हाक मारा. कुत्रा ओळखणार नाही.'

आठवडाभर मला तोंड दाखवायची लाज वाटली. पण माणसं वाचायला थांबत आणि थांबली की आत येत. मोरा बंदरावरचे एक कोळीबाबा सदरा शिवून घेऊन गेले, ते पुढच्या खेपेला तक्रार घेऊनच आले. "मास्तर, कुत्र्यानं तं मना लांबूनच वलखला." गजाभाऊ तिथेच बसले होते. सदऱ्याला मासळीचा वास लागला होता का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. कोळीबाबांनी बाही हुंगली आणि दुसरा सदरा शिवायला टाकला.

बऱ्याच वर्षांनी गजाभाऊंची पत्नी गेली. तेराव्यानंतर एका दुपारी ते दुकानात आले. पिशवीतून कोटाचं काळं कापड काढलं आणि एक विटकं हिरवं लुगडं. याचं अस्तर लावा, म्हणाले. लुगडं फार विरलंय, टिकायचं नाही, असं मी सांगून पाहिलं.

"लोकांचं सगळं ऐकून मी घरी जायचो आणि तिला सांगायचो," ते म्हणाले. "ती ज्याला हसेल, ते पाटीवर." मग लुगडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "अस्तर आतूनच असतं ना? बाहेर दिसायला नको."

लुगड्याखाली जुन्या धोतराचा पदर देऊन मी ते पक्कं केलं. त्यानंतर भर वैशाखातही गजाभाऊ तो कोट घालून शिडीवर चढलेले दिसत. येणारे-जाणारे हसत. उकडत नाही का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही.