मोटारीखालच्या कमलबाई

आमच्या घरमालकीण कमलबाईंना भेटायला आलेल्या माणसाला आधी त्यांचे तळवे दिसत. बाईंचं बाकीचं अंग मोटारीखाली असे. तिथूनच त्या दूधवाल्याला झापत, पाहुण्यांसाठी चहा सांगत आणि मला हाक मारत, "काहून गा जोशी, पाना आणून राहिला का बनवून राहिला?"

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. प्रतापनगरात त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. बाई शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पारशिवनीला, गावाकडच्या घरी, गोठ्यात, त्यांच्या वडिलांची विलायती मोटार सडत पडली होती. थोरला भाऊ ती भंगारात द्यायला निघाला, तशी बाईंनी ट्रकवर चढवून नागपुरात आणली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. तीही आली. पिल्लं निघेपर्यंत बाईंनी त्या सीटला हात लावला नाही.

काही बिघडलं की बाई फळ्यासमोर असल्यासारख्या म्हणत, "चुकलं? पुसा. पुन्हा करा!" आणि चुकायचं तर रोजच. भर मे महिन्यात रंग दिला. संध्याकाळी वावटळ आली आणि अख्ख्या गल्लीचा पालापाचोळा बॉनेटवर चिकटला. हॉर्न बसवला तो थांबेचना. शेजारचे देशमुख पूजा टाकून ओल्या पंच्यानिशी धावत आले. आणि इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तर काय विचारता! आनंदाच्या भरात बाईंनी भलताच गियर टाकला. मोटार उलटी सुटली ती देशमुखांच्या वाळत घातलेल्या लुगड्यांसकट थेट रस्त्यावर. मागून देशमुखकाकू ओरडताहेत, टपावर लुगडी फडफडताहेत, आणि बाई खिडकीतून हात काढून, "चालली गा! चालली!"

दिवाळीनंतर आम्ही पारशिवनीला निघालो. वाटेत पाणी उकळलं, एक चाक बसलं, पण पोचलो. बाईंनी दारात हॉर्न दिला. त्यांचे थोरले भाऊ, दादा, भिंत चाचपत बाहेर आले. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"मले कोणी पुढं शिकू देत नव्हतं," बाई मला म्हणाल्या. "यानं बाबाले न विचारता याच मोटारीत बसवलं अन् कॉलेजात नेऊन टाकलं." मग भावाकडे वळून, "दादा, चाल, वावरात जाऊ. तूच चालव."

"मले दिसते का?"

"मले दिसते ना!"

रिकाम्या वावरात पोचल्यावर बाईंनी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. मोटारीला मी नुसतं बोट लावलं तरी खेकसणाऱ्या बाई त्यांच्या शेजारी बसल्या. "डावीकडं घे. आता सरळ. घे गा जोरात, कोणी नाही समोर!" धुरळा उडवत मोटार गोल गोल फिरू लागली. दादा मोठमोठ्यानं हसत होते. मी बांधावर उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

एक वळण चुकलं. मोटार बांधावर आदळली आणि समोरचा दिवा खळ्ळकन फुटला.

दादांचं हसू थांबलं. "काय फुटलं वं, कमळे?"

बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं.

"ढेकूळ होतं गा," त्या म्हणाल्या. "चाल, उजवीकडं घे."